हबीबभाईंचा डच शब्द

हबीबभाई गेले हे मला एका फ्लेक्सवरून कळलं. मेहुण्याच्या शेताची मोजणी होती म्हणून मी गडचिरोलीकडे त्याच्या गावी गेलो होतो. तिथे घराच्या मागच्या कुंपणापासूनच जंगल सुरू होतं, आणि मोबाइलला रेंज हवी असेल तर शाळेच्या ओट्यावर जाऊन उभं राहावं लागतं. परत आलो, बसस्टँडवरून ऑटो केला आणि चंद्रपुरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरलो, तर विजेच्या दोन खांबांना दहा बाय आठचा फ्लेक्स बांधलेला. निळं आभाळ, पांढरी कबुतरं, खाली गुलाबाच्या पाकळ्या आणि मधोमध एक गोरापान, गुळगुळीत गालांचा माणूस. मी त्याच्याकडे पाहत पुढे निघून गेलो. नाव डोक्यात शिरायला दहा पावलं लागली. मग परत फिरलो... हबीबभाई सावळे होते. दोन्ही गालांवर लहानपणच्या देवीचे व्रण होते. आणि शाळेत असल्यापासून त्यांच्या नाकावर चष्मा होता. फ्लेक्सवरच्या माणसाला चष्मा नव्हता. ज्या माणसानं अर्ध्या शहराला चष्मे लावले, त्याचाच चष्मा कुणीतरी कॉम्प्युटरवर पुसून टाकला होता आणि त्या जागी भलत्याच कुणाचे तरी डोळे बसवले होते. सर्वांत खाली फ्लेक्स छापणाऱ्याचं नाव होतं, आणि ते हबीबभाईंच्या नावापेक्षा ठळक होतं.

छापणारा बंडूभाऊ. गल्लीतच त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे आणि गल्लीच्या सुशोभीकरण समितीचा तोच अध्यक्ष आहे. हातातली पिशवी खाली न ठेवता मी त्याच्या दुकानात गेलो.

"बंडूभाऊ, चष्मा कुठी गेला त्यांचा?"

"काचेवर फ्लॅश चमकून राह्यला होता ना जी. खराब दिसे. म्हणून काढून टाकला," तो म्हणाला. "आता पाहा ना, किती छान दिसून राह्यले. जवान वाटतेत."

त्या क्षणी मला जे झालं त्याला मी दुःख म्हणणार नाही. खोटं कशाला लिहू. मला किळस आली. ताटात केस निघाला की घशाशी जे येतं, तसं काहीतरी वर आलं. दुःख नंतर आलं. घरी पाय धुताना आलं, आणि मग बराच वेळ नळ तसाच सुरू राहिला. बायकोनं बाकीचं सांगितलं. ताप, डेंग्यू, पेशी उतरल्या, रातोरात नागपूर, आणि दुसऱ्या दिवशी अँब्युलन्स परत. दफनही होऊन गेलं होतं. मी मातीलाही नव्हतो.

त्यांचं चष्म्याचं दुकान म्हणजे दोन दारांएवढी रुंद जागा. भिंतीला फ्रेमा, समोर लहानमोठ्या अक्षरांचा तक्ता, कोपऱ्यात काच घासायची जुनी मशीन. आता काचा नागपूरहून तयार घासून येतात, पण त्यांनी ती मशीन काढली नव्हती. वडिलांची होती. मी माजरीकडच्या एका खाणीच्या वजनकाट्यावर काम करतो. भरलेला ट्रक मोजायचा, रिकामा मोजायचा, वजाबाकी करायची, ही माझी नोकरी. संध्याकाळी घरी येईपर्यंत चष्म्याच्या काचांवर कोळशाची पूड बसलेली असते. एकट्या माझ्याच नाही, आमच्याकडे ती सगळ्यांच्याच बसते. वाळत घातलेल्या चादरीवर, दह्यावरच्या झाकणावर, तुळशीच्या पानांवर. माणसं तिला इतकी सरावली आहेत की कुणाला ती दिसत नाही. हबीबभाईंना दिसायची. त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक येवो, ओळखीचा येवो की वर्गणी मागणारा, ते आधी काऊंटरवरून वाकून त्याच्या नाकावरचा चष्मा अलगद उतरवून घ्यायचे. विचारायचे नाहीत. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे भाभींच्या, जुन्या मलमलच्या ओढणीचे चौकोन कापून ठेवलेले असायचे. त्यातल्या एकानं दोन्ही काचा पुसायच्या, उजेडाकडे धरून पाहायच्या आणि पुन्हा नाकावर ठेवून द्यायच्या. मग म्हणायचे, "आता सांग." नव्या माणसाला हे विचित्र वाटायचं. एकदा वसुलीला आलेला एक साहेब चष्मा गेल्यावर इतका गांगरला की कशासाठी आलो तेच विसरला. "हे चांगलं हाय तुमचं," मी म्हणालो, "समोरच्याले आंधळा करून टाकता पहिले." ते म्हणाले, "आंधळा तर तो येतानाच होता ना जी."

त्यांची मुलगी नाझनीन नेदरलँडला नोकरी करते. नातू झाला तेव्हा हबीबभाई आणि भाभी तीन महिने तिच्याकडे राहून आले. परत आल्यावर लोकांनी विचारलं, काय पाहिलं? फुलांची शेतं, पवनचक्क्या, विमान? हबीबभाई सांगायचे, खिडक्या. तिथे घरांच्या खिडक्यांना पडदे नसतात म्हणे, किंवा असले तरी ओढत नाहीत. रस्त्यावरून जाताना आत बसून जेवणारी माणसं दिसतात. काचा अशा पुसलेल्या की काच आहे हेच कळत नाही. भाभींना ते मुळीच आवडलं नव्हतं. हबीबभाई मात्र रोज संध्याकाळी काचा पाहायला फिरायला जायचे. "लोकाइच्या घरात काऊन पाहता जी?" भाभी रागवायच्या. "घरात नाई पाहून राह्यलो, काच पाहून राह्यलो," ते सांगायचे.

तिथेच त्यांना तो शब्द सापडला. नाझनीनच्या घराची मालकीण खाली राहायची. सत्तरी ओलांडलेली बाई, जन्मानं बेल्जियमकडची. तिकडेही हीच भाषा बोलतात, थोड्या फरकानं. ती बाई हबीबभाईंच्या नातवाकडे पाहून 'स्खोन' म्हणायची. हबीबभाईंनी मुलीला अर्थ विचारला. मुलगी म्हणाली, स्खोन म्हणजे स्वच्छ. हबीबभाई विचारात पडले. पोराला आंघोळ घातली की नाही, हे ही बाई रोज कशाला पाहते? शेवटी त्यांनी मुलीकरवी त्या बाईलाच विचारलं. ती हसली. म्हणाली, मी तर सुंदर म्हणत होते. आमच्याकडे स्खोन म्हणजे सुंदर, इकडच्या लोकांनी त्याचा स्वच्छ करून टाकला. मग तिनं कपाटातून शब्दांच्या उगमाचा एक जाडजूड कोश काढला आणि टेबलावर ठेवला. सगळी दुपार त्यात गेली. बाई डचमध्ये वाचायची, नाझनीन हिंदीत सांगायची आणि हबीबभाई तिसऱ्या भाषेत विचार करायचे.

कोशात होतं ते त्यांनी मला पुढे इतक्या वेळा सांगितलं की मी ते झोपेतही सांगू शकेन. 'पाहणं', 'न्याहाळणं' यासाठी डचमध्ये एक जुनं क्रियापद आहे. त्याच्याच कुळातून स्खोन हे विशेषण आलं. म्हणजे मुळात स्खोन म्हणजे पाहण्याजोगं. जे पाहण्याजोगं ते सुंदर, हा दुसरा अर्थ. शेजारच्या जर्मन भाषेत तो शब्द तिथेच थांबला, अजूनही सुंदरच आहे. डचांनी त्याला पुढे नेलं. ज्यावर डाग नाही, जे कुणीही यावं आणि बघावं असं आहे ते स्वच्छ. इंग्रजीतला 'शो' हाही याच घरातला. आणि इथे परतल्यावर त्यांना आणखी एक गोष्ट कळली, तेव्हा तर ते दुकान उघडं टाकून माझ्या घरी आले. आपला 'कवी' हा शब्दही याच मुळाचा आहे, असं अभ्यासक मानतात. कवी म्हणजे मुळात यमक जुळवणारा नव्हे, पाहणारा. मी हे स्वतः पडताळलेलं नाही. माझं ते क्षेत्र नाही, म्हणून जेवढं त्यांनी सांगितलं तेवढंच लिहितो.

"पाह्य ना सुधाकरभाऊ," ते म्हणाले, "पहिले पाहणं. मग सुंदर. साफ सगळ्यात शेवटी. म्हणजे ज्यानं पाहिलंच नाई, तो साफ काय करंल?"

मी म्हणालो, "आणि मी वजन करतो, ते कशात बसते?"

"तू तर पाहतच नाई. तुहा काटा पाहते."

त्या शब्दातला 'ख' घशातून काढायचा असतो. माझ्यानं तो कधी निघाला नाही. त्यांच्या उर्दूत तो आधीपासूनच होता, त्यामुळे ते असं म्हणायचे की जणू शब्द त्यांच्याच गल्लीत जन्मला. गल्लीनं त्यांचं नाव 'स्खोनभाई' पाडलं. चहावाला ओरडून विचारायचा, "स्खोनभाई, आज चहा साफ देऊ का सुंदर?" ते म्हणायचे, "पहिले कप दाखव." एकदा त्यांनी मला सांगितलं की तिकडे सासूला 'स्खोन' आई म्हणतात. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तिकडंही खोटं बोलावंच लागते." हे हबीबभाईंना इतकं आवडलं की दर ईदला शीरखुर्म्याचा डबा माझ्या आईच्या नावानं येऊ लागला, आणि वर चिठ्ठी, 'सुधाकरच्या बायकोच्या स्खोन आईसाठी'.

आता त्या कोपऱ्याविषयी लिहायला हवं. मी ते टाळत होतो.

गल्लीच्या टोकाला एक कचऱ्याचा ढीग होता. शिळं अन्न, कोंबडीची पिसं, औषधांच्या पट्ट्या, लहान मुलांचे वापरलेले डायपर. डुकरं यायची. उन्हाळ्यात तिथून जाताना तोंडावर रुमाल धरला तरी वास जिभेवर बसायचा. समितीनं ठरवलं, हा कोपरा सुंदर करायचा. बैठकीत हबीबभाई म्हणाले, पहिले ढीग उचला. ढीग उचलायला रोज गाडी लागते, माणूस लागतो, कटकट लागते. भिंत एकदाच बांधायची असते. समितीनं भिंत बांधली. विरोधात दोन हात वर झाले, एक त्यांचा आणि एक माझा. भिंत ढिगाच्या पुढे उभी राहिली आणि तिच्यावर वाघ रंगवला. आमच्या जिल्ह्यात रिकामी भिंत दिसली की तिच्यावर वाघ येतो. या वाघाचे डोळे माणसासारखे आहेत आणि तो हसतो. भिंतीसमोर कोळशाच्या टिप्परचे पाच बाद टायर आडवे ठेवले, त्यांना पिवळे-काळे पट्टे मारले, आत माती टाकून शोभेची रोपं लावली. वर 'सेल्फी पॉइंट' अशी पाटी. उद्घाटनाला पेढे वाटले. भिंतीच्या मागे लोक कचरा टाकतच राहिले, आता तर आणखी निर्धास्तपणे, कारण तो कुणाला दिसत नव्हता. वाघाच्या पाठीमागून पिसं उडत यायची आणि फोटो काढणाऱ्यांच्या केसात अडकायची. माणसाला इतकं निर्लज्ज होता येतं याची मला तेव्हा शिसारी आली होती. अजून ती गेलेली नाही.

पावसाळा आला. टायरात माती अर्धीच भरली होती, कारण टिप्परच्या टायरचं पोट फार मोठं असतं. रोपं मेली आणि रबराच्या कडेखालच्या पोकळीत पाणी साचलं. घाण पाणी नव्हे. पावसाचं, चांगलं नितळ पाणी. मला दाखवलं असतं तर मी त्याला स्वच्छच म्हटलं असतं. हबीबभाईंनी एका सकाळी चहावाल्याकडून पांढरी बशी घेतली, त्यात ते पाणी काढलं, आणि दुकानातलं भिंग घेऊन समितीच्या लोकांना बोलावलं. हे भिंग पितळी मुठीचं, तळहाताएवढं, त्यांच्या वडिलांचं. भिंगाखाली बारीक केसांसारख्या अळ्या डोकं खाली करून लटकल्या होत्या. बशीला धक्का लागला की वळवळत तळाशी जायच्या. डेंग्यूचा डास नितळ पाण्यातच अंडी घालतो, हे आरोग्यवाले दरवर्षी दारोदार सांगत फिरतात. सगळ्यांना माहीत होतं. मीही भिंगातून पाहिलं. 

बंडूभाऊनं पाहिलं नाही. "मले तसं किळसवाणं पाहवत नाई भाई," तो म्हणाला. "पाहा टायरावर पट्टे कसे मस्त आले, ते पाहा ना."

"पट्टे दिसून राह्यले," हबीबभाई म्हणाले. "पाणी ओत म्हणतो."

"ओतू ना. घाई काऊन करून राह्यले? टायर उलटवला तर पट्ट्याइचा रंग निघंल. पाऊस होऊ द्या, मग ओतू."

हबीबभाई स्वतः रोज एक तांब्या घेऊन जायचे आणि हात घालून जेवढं निघेल तेवढं पाणी काढायचे. टायर मोठा, हात आखूड, वय साठीच्या पुढचं. गल्लीतली पोरं त्यांचा फोटो काढायची, मागे वाघ, पुढे वाकलेले स्खोनभाई. रात्री पाऊस यायचा, सकाळी टायर पुन्हा भरलेले असायचे.

ज्या डासानं त्यांना चावलं तो त्याच टायरातला होता, असं मी लिहिणार नाही. माझ्याकडे पुरावा नाही आणि डासाला पत्ता नसतो. त्या महिन्यात शहरात इतर ठिकाणीही रुग्ण होते. पण आमच्या गल्लीत जेवढे तापानं पडले, त्यातले बहुतेक त्या कोपऱ्याजवळच्या घरांतले होते, एवढं मी घरोघरी विचारून पाहिलेलं आहे. वजाबाकी ज्यानं त्यानं आपली करावी.

शोकसभा झाली. मारवाडी धर्मशाळेत नव्हे, मशिदीजवळच्या हॉलमध्येही नव्हे. त्याच भिंतीसमोर झाली. खुर्च्या टायरांना लागून मांडल्या होत्या. ज्यांनी त्यांना स्खोनभाई म्हणून हसण्यावारी नेलं, ते एकेक करून उठले आणि त्यांच्या स्वच्छतेच्या तळमळीबद्दल बोलले. मी कामाची सवय म्हणून भाषणांतून फुलं, कबुतरं आणि 'पोकळी' वजा करत बसलो होतो. खाली काहीच उरलं नाही, काटा शून्यावर आला. शेवटी बंडूभाऊनं जाहीर केलं की या जागेला हबीबभाईंचं नाव देण्यात येईल. 'हबीबभाई स्मृती सेल्फी पॉइंट'. चाळीसाव्याच्या, म्हणजे त्यांना जाऊन चाळीस दिवस होतील त्या दिवशी पाटीचं अनावरण. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या खुर्चीखालून वास येत होता... कुजलेल्या भाजीचा, आणि त्यावर मारलेल्या फिनाईलचा. मी उठून बाजूला गेलो आणि नाल्याशी जाऊन ओकलो. हे लिहायला संकोच वाटतो, पण तसं झालं.

दुसऱ्या दिवशी भाभींचा निरोप आला. त्या इद्दतमध्ये आहेत. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस त्यांच्यात बाई घराबाहेर पडत नाही. मी ओसरीत बसलो, त्या आतल्या खोलीच्या पडद्यामागे. इतक्या वर्षांचा शेजार, तरी तो रिवाज त्यांनी पाळला आणि मीही.

"भाऊ, त्याइचं नाव कशाले लावून राह्यले म्हणते? मले कोणी धड सांगत नाई. नाझनीन फोनवर म्हणते, चांगलं हाय अम्मी, अब्बूचं नाव राहील."

मी सांगितलं, कशाला ते. टायर, भिंत, पाटी. पाटीवर फ्लेक्सवरचाच फोटो आहे हेही सांगितलं.

"तो कोणता फोटो?"

"बंडूनं चष्मा काढून टाकलेला."

 त्या म्हणाल्या, "चष्मा नसला तर मी नाई ओळखत त्याले. निकाहच्या दिवशीबी चष्मा होता." मग म्हणाल्या, "भाऊ, त्याच टायरातलं पाणी काढता काढता त्याइचे हात सुजले होते. त्याइचं नाव त्याच्यावर नको. मले बाहेर निघता येत नाई, नाई तर मीच गेली असती. तुम्ही जा. लोकाइले दाखवा." पडद्याखालून एक हात आला आणि जमिनीवर ते पितळी भिंग ठेवून मागे गेला.

मी आधी बंडूकडे सरळ गेलो. म्हटलं, घरच्यांची इच्छा नाही. तो म्हणाला, "बाईमाणसाचं मन हाय, दुःखात हाय. पाटी छापून झाली. पाहुण्याइले सांगून झालं. आता नाव मागे घेतलं तर त्याइचाच अपमान नाई होत का?" त्याला खरंच तसं वाटत होतं. तो दुष्ट माणूस नाही. त्याला फक्त चमकणारी काच सहन होत नाही.

चाळीसाव्याच्या दिवशी मी सुट्टी टाकली. कपड्यानं झाकलेली पाटी, हार, माइक, पाहुणे. आदले दोन दिवस अवकाळी पाऊस झाला होता. मी चहावाल्याकडे बशी मागितली. त्यानं काही न विचारता पांढरी, धुतलेली बशी दिली. मी पहिल्या टायरात हात घातला. आतलं रबर शेवाळानं बुळबुळीत झालं होतं आणि मेलेल्या रोपांची मुळं बोटांना चिकटली. बशीभर पाणी काढलं आणि पहिल्या रांगेतल्या भाजीवाल्या कमलाबाईंच्या हातात भिंग दिलं. त्यांची नात त्याच महिन्यात तापानं आठवडाभर दवाखान्यात होती. त्यांनी वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"हे काय वळवळून राह्यलं जी?"

"डास होणार आहेत."

"याच्यावर भाईचं नाव लावून राह्यले?" त्या माइकपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाल्या.

मग बशी हातोहात फिरली. ऑटोवाले उठून आले, पोरं खुर्च्यांवर चढली. बंडू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सुधाकरभाऊ, आजच्या दिवशी तमाशा काऊन करून राह्यले?" मी भिंग त्याच्यासमोर धरलं. म्हटलं, "एकदा पाहा. मग मी घरी जातो." त्यानं मान वळवली. तेवढ्यात दोन ऑटोवाल्यांनी कुठूनशी लोखंडी सब्बल आणली, टायरखाली घातली आणि चौघांनी मिळून तो उलटवला. पाणी आलं, त्यामागून काळा चिखल आला, सडलेली मुळं, गुटख्याच्या पुड्या, कुणीतरी आत टाकलेला मेलेला उंदीर. ते सगळं पाहुण्यांच्या बुटांवरून वाहत गेलं. वास असा आला की माइकवाल्यानं माइक टाकून नाक धरलं.  सगळे फक्त पाहत होते. आमच्या गल्लीनं त्या कोपऱ्याकडे नीट पाहिलं ते बहुधा त्याच दिवशी पहिल्यांदा.

पाटीवरचं कापड कुणी काढलंच नाही. पाहुणे बूट झटकत गेले. संध्याकाळपर्यंत तीन टायर निघाले. उरलेल्या दोनांत काठोकाठ वाळू भरली आहे. भिंतीमागचा ढीग तसाच आहे. त्याला गाडी लागते, माणूस लागतो, आणि समितीची पुढची बैठक अजून ठरलेली नाही. मी दर आठवड्याला विचारतो. पाटी बंडूच्या दुकानात मशीनच्या मागे भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. विकत मागितली तर तो देत नाही, म्हणतो, फ्रेम दुसऱ्या कामाला येईल.

त्या संध्याकाळी हातपाय धुऊन मी भाभींकडे गेलो. ओसरीत बसलो. पडदा तसाच होता.

"पाहिलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला सुरुवात केली, कमलाबाईंपासून. दोन वाक्यं झाली असतील.

"थांबा भाऊ. पहिले चष्मा द्या."

मी चष्मा काढून पडद्याजवळ जमिनीवर ठेवला. हात आला, चष्मा आत गेला. मला समोर नुसता पडद्याचा हिरवा रंग दिसत होता, कडा नसलेला. आतून मलमलचा आवाज येत होता, काचेवर फिरणाऱ्या मऊ कापडाचा, जो मी दुकानात किती वेळा ऐकला असेन. मग चष्मा परत आला. मी तो नाकावर ठेवला. पडदा वाऱ्यानं थोडा बाजूला झाला होता आणि आतली फळी दिसत होती. तिच्यावर हबीबभाईंचा चष्मा होता. डबीत नव्हता, घडीही घातलेली नव्हती. उघडा, दाराकडे तोंड करून, आणि काचा अशा पुसलेल्या की काच आहे हेच कळत नव्हतं.

"आता सांगा," भाभी म्हणाल्या.